ताटी आणि महाद्वार

छन्न हा सिद्धार्थाचा सारथी. ज्या रात्री राजपुत्रानं घर सोडलं, त्या रात्री कंथक घोड्याबरोबर जो माणूस बाहेर पडला तो हा. पुढे तोही भिक्षू झाला, पण जुनी ओळख त्याच्या डोक्यात गेली होती. बुद्ध आमचे, धम्म आमचा, या तोऱ्यात तो सारिपुत्त-मोग्गलानांसारख्या ज्येष्ठांनाही वाटेल ते बोलायचा. महापरिनिर्वाणाच्या आधी बुद्धांनी आनंदाला सांगितलं, की माझ्यामागे छन्नाला ब्रह्मदंड द्या. आनंदानं विचारलं, म्हणजे नेमकं काय करायचं? तर मारायचं नाही, संघातून काढायचंही नाही. छन्नाला जे बोलायचंय ते बोलू द्यायचं. त्याच्याशी मात्र कुणी बोलायचं नाही, त्याला काही सांगायचं नाही, समजवायचं नाही. पुढे आनंद बरेच भिक्षू बरोबर घेऊन होडीनं कौशांबीला गेला आणि त्यानं ही शिक्षा छन्नाला ऐकवली. छन्न तिथल्या तिथे बेशुद्ध पडला.

ही हकिकत वाचल्यावर मला छन्नाची दया येण्याआधी त्या होडीचा हेवा वाटला. शिक्षा योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. पण कुणीतरी उठलं, होडीत बसलं, एवढा प्रवास करून आलं आणि तोंडावर सांगितलं की आजपासून तुझ्याशी कुणी बोलणार नाही. माझ्याकडे असं कुणी आलं नाही.

मी वाईला राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीसाठी पंपांच्या माहितीपुस्तिका लिहिते. पंप बसवायचा कसा, चालवायचा कसा, बिघडला तर आधी काय बघायचं, असलं सगळं. करोनाच्या काळात सगळेच घरून काम करत होतो, तेव्हा कुणी कुणापासून लांब नव्हतं. सगळेच आपापल्या चौकोनात. मग एकेक करून मंडळी ऑफिसात परतली. नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बायपास झाली होती, म्हणून मी रीतसर परवानगी घेऊन इथेच राहिले. आता टीममध्ये घरून काम करणारी मी एकटीच.

सोमवारी अकराला मीटिंग असते. पुण्याच्या खोलीत लांबट टेबल, एका टोकाला भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर कॅमेरा, आणि टीव्हीत मी. मला दिसतं ते असं: जवळच्या खुर्चीवरच्या माणसाचा कान, त्याच्यामागे दोन-तीन अर्धे चेहरे, आणि पलीकडच्या टोकाला खिडकीच्या उजेडापुढे काळे पडलेले आकार. माइक जवळच्या खुर्चीचं ऐकतो. लांबच्यांचं नुसतं पुटपुटणं पोचतं. मध्येच कुणीतरी काही म्हणतं आणि खोली हसते. मी विचारते, "काय झालं?" उत्तर येतं, "काही नाही मॅडम, इथलंच." मग मीही थोडं हसून घेते. कशाला हसायचं ते माहीत नसताना हसणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

कामाचं एक उदाहरण सांगते, कारण नुसतं 'मला वाईट वाटलं' म्हणण्याला काही वजन नसतं. पंपाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, जिथून केसिंगच्या बाहेर येतो तिथे पाणी अडवायला जुनी पद्धत ग्लँड पॅकिंगची. पॅकिंगच्या दोऱ्यांची कडी बसवायची आणि वरून नट आवळायचे. यातली गंमत अशी, की ते पुरतं आवळायचं नसतं. थेंब थेंब पाणी गळलंच पाहिजे. त्या थेंबांनीच दांडा गार राहतो. नवखा माणूस गळती बघून नट करकचून आवळतो आणि पॅकिंग जाळून ठेवतो. हे नीट समजावून सांगणारी दोन पानं मी एका मॉडेलसाठी लिहिली. चांगली लिहिली होती, आजही म्हणेन. तपासणीला गेली तेव्हा शेरा आला: "हे जुनं आहे. आता मेकॅनिकल सील." मेकॅनिकल सीलमधून पाणी टपकायला लागलं तर तो बिघाड. म्हणजे ज्या पंपाची गळती हा रोग ठरला होता, त्याच पंपाची गळती हे निरोगीपणाचं लक्षण आहे असं मी गिऱ्हाइकाला समजावत होते. कधी ठरलं हे, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "अहो मॅडम, मागच्या आठवड्यात चहाला बोलणं झालं ना."

चहा टपरीवर झाला होता. टपरी ऑफिसच्या फाटकासमोर आहे. मी पसरणी घाटाच्या पायथ्याला.

आणि एक, कामाशी संबंध नसलेलं. टीममधल्या एका मुलीचं लग्न ठरलं. भेटवस्तूसाठी पाचशे रुपये काढायचं ठरलं आणि ग्रुपवर क्यूआर कोड आला. मी विसरले, तर आठवणही आली. पैसे पाठवले. दोन दिवसांनी त्याच ग्रुपवर फोटो आला: हॉटेलातलं लांब टेबल, सगळ्यांच्या पुढे थाळ्या, मध्ये ती मुलगी, हातात आम्ही सगळ्यांनी मिळून दिलेली भेट. जेवण आहे हे मला त्या फोटोवरून कळलं. वाईहून पुणं काही विलायत नव्हे. बोलावलं असतं तर गेले असते, नसते, तो पुढचा प्रश्न.

यात कुणी दुष्ट नाही, हे सांगून टाकलेलं बरं. कुणी कट केला नाही. मी डोळ्यांसमोर नाही म्हणून ध्यानात नाही, एवढंच. आणि ऑफिस म्हणजे आपलेपणाचं माहेरघर होतं, असंही मला आठवून घ्यायचं नाही. तिथेही कंत्राटी मुलांच्या गळ्यातली पट्टी वेगळ्या रंगाची असायची, ती कँटीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसायची, आणि तसं बसा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं.

नाना संस्कृतचे शिक्षक होते. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी राहिले, जिथे प्राज्ञपाठशाळा आहे, विश्वकोशाचं काम जिथून चाललं, त्या गावातला संस्कृतचा शिक्षक म्हणजे तुमच्या रडगाण्याला आधार म्हणून श्लोक देणारा आणि लगेच त्याच श्लोकानं तुमचं तोंड बंद करणारा माणूस. त्यांना हे सगळं ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, लोक असा एकांत मिळावा म्हणून हिमालयात जातात. तुला घरबसल्या मिळालाय. तेरावा अध्याय काढ."

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं मोजली आहेत. मानाची हाव नसणं हे त्यातलं अगदी पहिलं. पुढे एकांताची ओढ येते, माणसांच्या गर्दीत मन न रमणं येतं. नानांचा मुद्दा साधा होता: ज्याला तू दुखणं म्हणतेस त्याला शास्त्र साधन म्हणतं.

मी म्हटलं, "नाना, मला मान नको होता. सील बदललंय एवढं कळायला हवं होतं."

"बरं. मग लग्नाच्या जेवणाचं काय?"

यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. म्हातारा माणूस बरोबर जागा धरतो.

नानांचा प्रश्न मी उडवून लावत नाही, कारण तो माझ्या दुखण्यापेक्षा जुना आहे आणि मोठाही. आपल्याला कुणी मोजावं ही इच्छा म्हणजे अहंकाराचाच एक वेष, की माणूस असण्याचा भाग? ती अहंकार असेल तर औषध आतलं आहे: ती सोडायची. ती माणूसपणाचा भाग असेल, तर वगळणाऱ्याकडे काही देणं निघतं, आणि वगळलेल्यालाच 'सोडून दे' म्हणणं हा देणेकऱ्याच्या बाजूनं दिलेला निकाल होतो.

किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञानं एक साधा खेळ रचला. पडद्यावर तीन आकृत्या एकमेकींकडे चेंडू टाकतात. त्यातली एक तुम्ही. थोड्या वेळानं बाकीच्या दोघी आपसातच चेंडू टाकायला लागतात. बस, एवढाच खेळ. चेंडू खोटा, मैदान खोटं, आणि तरी माणसं खट्टू होतात. २००४ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतोय असं आधी सांगितलं तरी ती कळ येतेच. यावरून मला वाटतं, कळ आधी येते आणि अहंकार मागून येऊन तिच्यावर घर बांधतो. नानांचा श्लोक त्या घराबद्दल आहे. कळेला तो लागू होत नाही.

दुसरं असं, की तेरावा अध्याय ज्याच्याशी बोलतो त्याच्याजवळ सोडण्यासारखी गर्दी आहे. तुकोबा भंडाऱ्यावर जाऊन बसले ते देहूत घर होतं, दुकान होतं, वाट बघणारी बायको होती, तेव्हा. डोंगरावरून खाली उतरायची वाट मोकळी होती. त्याच डोंगरावर गावानं त्यांना हाकलून बसवलं असतं तर डोंगर तोच, माणूस तोच, नामही तेच. पण त्याला एकांत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात: एक खोली, एक माणूस, लावलेलं दार. कडी कुठल्या बाजूनं आहे ते जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

आपल्या संतपरंपरेत अशी दोन दारं आहेत, आणि ती एकमेकांजवळ ठेवून बघायला आपण सहसा जात नाही.

पहिलं दार आळंदीचं. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानदेव, मुक्ताबाई आणि त्यांच्या भावंडांना, चौघांनाही, गावानं बाहेर ठेवलं. आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला तरी गावाचं मन भरलं नाही. परंपरा सांगते, की एकदा ज्ञानदेव बाहेर गेले असता कुणीतरी टाकून बोललं, आणि ते घरी येऊन झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी मुक्ताबाई बाहेर उभी राहिली आणि तिनं दादाला जे विनवलं त्याचे ताटीचे अभंग झाले. लोक चुकले, पण तू तर मोठा आहेस ना, मग तू कसा रुसतोस, असा त्यांचा रोख. मला यात दोन गोष्टी विलक्षण वाटतात. ज्या ज्ञानदेवांनी तेराव्या अध्यायावर इतकं पाल्हाळ लावून, इतक्या प्रेमानं लिहिलं, त्यांच्याचबद्दल परंपरा ही गोष्ट राखून ठेवते. त्यांनाही कळ आली, असं सांगायला ती लाजत नाही. आणि दुसरी, मुक्ताबाई ताटीबाहेर उभी आहे. ती उपदेश करते आहे ती त्याच गावानं बाहेर ठेवलेली मुलगी. तिला तो अधिकार आहे. आळंदीच्या एखाद्या शास्त्रीबुवांनी झोपडीपुढे येऊन 'ज्ञानोबा, क्षमा करावी, मन मोठं करावं' म्हटलं असतं, तर त्याचे अभंग झाले नसते.

माझ्या लॅपटॉपला ताटी आहेच. कॅमेरा बंद, माइक बंद, नावाच्या आद्याक्षराचं गोल वर्तुळ. विचारलं तर हो किंवा नाही. दुखावलेल्या माणसाला या वर्तुळात फार सुख मिळतं. मला बोलावत नाहीत ना, मग मीही नाही, असं ते सुख. सुखच आहे ते, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचा पुढचा भाग असा, की ही ताटी लागली हे बाहेर कुणाच्या लक्षातच येत नाही. ज्ञानदेवांच्या दाराशी मुक्ताई आली. वर्तुळाच्या दाराशी कोण येणार? मीटिंगला हजर अशी नोंद होते आणि सगळे चहाला जातात.

दुसरं दार पंढरपूरचं. चोखोबा महाद्वारापर्यंत येऊ शकत, आत नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली ते गेले, १३३८ साली. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. म्हणजे मेल्यावरही दाराच्या बाहेर, फक्त आता कायमचे. तेच दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून उपोषण केलं ते मे १९४७ मध्ये. मध्ये सहाशेहून जास्त वर्षं गेली. त्या सहाशे वर्षांत चोखोबांचे अभंग आतल्यांनी किती भक्तिभावानं गायले असतील, याचा विचार केला तर अंगावर काटा येतो.

माझ्या दुखण्याला या दाराशी नेऊन ठेवायचा मला अधिकार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. महिन्याच्या महिन्याला माझ्या खात्यात पगार जमा होतो. माझ्या सावलीचा कुणाला विटाळ होत नाही. रायगडात, रत्नागिरीत गावकीनं घरंच्या घरं वाळीत टाकल्याच्या बातम्या अगदी आत्ताआत्तापर्यंत येत होत्या. किराणा द्यायचा नाही, मयताला जायचं नाही, पाण्यावर येऊ द्यायचं नाही. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला. त्या माणसांपुढे 'मला जेवायला बोलावलं नाही' हे वाक्य उच्चारायचीही लाज वाटावी. तरीही चोखोबांकडे मी जाते ते मोजमापासाठी नव्हे. त्यांच्या घरात एक गोष्ट शिकायला मिळते म्हणून जाते.

चोखोबांच्या घरात सगळेच अभंग रचत: बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. यातल्या कर्ममेळ्याचे अभंग वाचताना ओशाळायला होतं. बापाच्या बोलण्यात निदान विनवणी आहे. मुलगा सरळ जाब विचारतो. आम्हाला असं का जन्माला घातलंस, आम्हाला काय सुख दिलंस, असा त्याचा सूर. देवाशी भांडणारी ही वाणी वारकऱ्यांनी गाथेतून काढून टाकली नाही. नानांच्या तेराव्या अध्यायाच्या मापानं बघितलं तर कर्ममेळा नापास. अमानित्व नाही, क्षांती नाही. आणि तरी तो संतांत आहे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की मुक्ताईचा उपदेश ताटीपुढे खरा आहे आणि महाद्वारापुढे क्रूर. चोखोबांना 'मन मोठं करा' म्हणणं म्हणजे पुजाऱ्याची कडी शाबूत ठेवून वर पुण्य कमावणं. आणि उलट, कडी आपल्याच हातात असताना चोखोबांचा वेष घेऊन पायरीशी बसणं हे ढोंग. अडचण ही, की दुखत असताना माणसाला दार कुठलं ते कळत नाही. आतून दोन्ही सारखीच लागतात.

मग ते कळावं कसं? याचं उत्तर मला गीतेत सापडलं नाही. सापडलं ते लोणंदला.

माझं माहेर तरडगावचं. लोणंदनंतर माउलींच्या पालखीचा मुक्काम आमच्याकडे. आत्या वर्षानुवर्षं एका दिंडीत चालते, त्यामुळे पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की मी लोणंदला तिला भेटायला जातेच. संध्याकाळी तळावर समाजआरती असते. पालखी तळावर येते, दिंड्या भोवतीनं गोल धरून उभ्या राहतात, शेकडो टाळ आणि मृदंग एकदम वाजत असतात. बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. मग चोपदार उंचावर उभा राहून चोप वर करतो. आणि तो सगळा कल्लोळ एका क्षणात थांबतो. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. एवढ्या माणसांचे हात एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती थांबत नाही. तिनं टाळ वाजवत राहायचं. पाण्याचा टँकर आला नाही, चालताना दुसरी दिंडी मध्ये घुसली, काहीही. त्या शांततेत कुठल्यातरी कोपऱ्यातून तेवढेच टाळ ऐकू येतात, चोपदार तिकडे जातात, काय झालं ते विचारतात, निवाडा करतात. मग ते टाळही थांबतात. मग हरवलं-सापडलंचा पुकारा, आणि मग आरती.

मी हे लहानपणापासून बघत आले होते, पण त्या वर्षी माझी नजर सोमवारच्या मीटिंगमधून आली होती. ज्याला दुखतंय त्यानं गप्प बसावं आणि बाकीच्यांनी बोलावं, अशी आमची रीत. इथे उलटं. बाकीच्यांनी गप्प बसायचं, ज्याला दुखतंय त्यानं वाजवायचं, आणि ते वाजणं थांबल्याशिवाय देवाची आरती होणार नाही. क्षमेचा, नम्रतेचा, पायांवर डोकं ठेवण्याचा एवढा मोठा संस्कार ज्या पंथाचा, त्यानं तक्रारीला रोजच्या उपासनेत जागा करून ठेवली. 'तुम्ही वारकरी ना, मग टँकरसाठी कसले भांडता' असं कुणी म्हणत नाही. आत्याला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय? तान्हेल्या माणसानं अभंग म्हनायचा व्हय?"

परत आल्यावर मी साहेबांना एक ईमेल लिहिला. आराखड्यात काही बदल ठरला, मग तो टपरीवर ठरो नाहीतर पार्किंगमध्ये, तर त्याच दिवशी त्या आराखड्याच्या नोंदीत एक ओळ पडावी. नाहीतर चुकीची पुस्तिका छापली गेली तर ती कंपनीच्या नावावर जाईल. आणि मीटिंगमधला माइक टेबलाच्या मध्ये यावा. तिसरं वाक्य जेवणाबद्दल लिहिलं होतं, ते खोडलं. ते ईमेलमध्ये लिहिण्यासारखं नव्हतं.

साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही आधी सांगायचं ना!"

हे वाक्य मी बरेच दिवस चघळते आहे. एका बाजूनं ते खरं आहे. निम्मी ताटी माझी होती. दुसऱ्या बाजूनं त्यात आतल्या माणसाचा सगळा निवांतपणा आहे. दार बंद आहे हे बाहेरच्यानं येऊन सांगेपर्यंत आतल्याला माहीतच नसतं, आणि माहीत नसणं हाच त्याचा निर्दोषपणा. तो खोटं बोलत नाही. त्याच्या बाजूनं दार नाहीच, नुसती खोली आहे.

माइक टेबलाच्या मध्ये आला. आता हसण्याआधी काय बोललं गेलं ते मला ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते हसण्यासारखं नसतं. नोंदीतली ओळ पहिले काही आठवडे नेमानं पडली, मग कधी पडते, कधी नाही. नाही पडली की मी विचारते. हे न्यायाचं झालं, आणि ते मागण्यात मला आता कमीपणा वाटत नाही. नानांनाही हे पटलं. त्यांचा उरलेला प्रश्न मात्र अजून जागच्या जागी आहे. सील बदलल्याचं कळणं हा हक्क; पण जेवणाला बोलावणं कुठल्या हक्कात बसतं? माया काही टाळ वाजवून मिळत नाही. तिथे त्यांचा तेरावा अध्याय लागू होतो, असं ते म्हणतात, आणि यावर मी त्यांना पूर्ण विरोध करू शकत नाही. फक्त एवढंच म्हणते, की तो अध्याय मी स्वतःला वाचून दाखवीन. साहेबांनी मला वाचून दाखवू नये.

त्या फोननंतर एक झालं. डिसेंबरात टीमचं गेट-टुगेदर आहे, पानशेतजवळच्या कुठल्या रिसॉर्टवर, आणि या वेळी निरोप सगळ्यांच्या आधी मला आला. साहेबांनी सांगितलं असणार. त्यामुळे मी पुन्हा घोटाळ्यात. मागून मिळालेलं बोलावणं ते बोलावणं का? त्यांना मी हवी आहे, की माझा पुढचा ईमेल नको आहे? नाना म्हणाले, फळाची चिंता करू नकोस, हा दुसरा अध्याय. आत्याला फोनवर सांगितलं तर तिला प्रश्नच कळला नाही. "दिंडीला कोन आमंत्रान देतंय गं? भिशी भरायची, नाव लिवायचं, चालाय लागायचं. शेजारी कोन येतंय ते आपल्या हातात नसतंय. पयल्या वर्षी माझ्या शेजारची बाई वाल्ह्यापतुर माझ्याशी बोलली न्हवती."

"मग?"

"मग काय, तिच्या पायाला फोड आला."

माणशी बाराशे रुपये वर्गणी आहे. क्यूआर कोड आला तेव्हा लगेच भरले. जाताना बोगद्यातून जायचं, त्याची काळजी नाही. येताना रविवारी संध्याकाळी खंबाटकीच्या घाटात कंटेनर बंद पडला नाही म्हणजे मिळवली.